थेरपिस्टांनो, पुढचा कोर्स लावायच्या आधी सोडून गेलेल्या क्लायंटची यादी काढा

जानेवारी आला की आमच्या थेरपिस्ट लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरातींचा नुसता पाऊस पडतो. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड अमुक, सर्टिफाइड तमुक, दोन दिवसांत लेव्हल वन, अर्ली बर्ड फक्त ३१ तारखेपर्यंत. मीपण काही वर्षं हेच केलं, फी भरायची, झूमला बसायचं, कॅमेरा बंद करून मधेच कुकर लावून यायचं, आणि सर्टिफिकेट आलं की फोल्डरमध्ये. फोल्डर चांगलं जाड झालं पण काही लोक माझ्याकडे दुसऱ्या सेशनच्या पुढे टिकतच नव्हते, आणि हे माझ्या लक्षात यायलाच तीन वर्षं गेली.

म्हणून माझं सांगणं असं की वर्षाचं शिकणं ठरवताना सुरुवात जाहिरातीपासून करू नका, स्वतःच्या वहीपासून करा. गेल्या बारा महिन्यांत पहिल्या-दुसऱ्या सेशननंतर जे आले नाहीत त्यांची यादी काढा. नावं नकोत, नुसती अक्षरं. शेजारी लिहा बोलायची भाषा, गाव की शहर, वय, जेंडर, शिक्षण, फी पूर्ण घेतली की कमी केली, कोणी पाठवलं होतं, आणि शेवटच्या सेशनमध्ये शेवटी काय बोलणं झालं. हा शेवटचा रकाना भरायला जिवावर येतं, तरी भराच, खरा माल तिथेच सापडतो.

मला काय सापडलं ते सांगते. मी पुण्यात प्रॅक्टिस करते आणि इंग्रजीतून बोलणारा आयटीवाला क्लायंट माझ्याकडे वर्षभर येत राहायचा. गळती होती ती मराठवाड्यातून-विदर्भातून एमपीएससीसाठी आलेल्या पोरापोरींची. आणि माझ्या डोक्यात काय, तर हे तर आपलेच, मराठीच आहेत की, यात कसलं आलंय डायव्हर्स! ‘डायव्हर्स क्लायंट’ म्हणजे कोणीतरी परदेशी नाहीतर इंग्रजी वर्कशॉपच्या स्लाइडवरचा माणूस असंच मी धरून चालले होते.

त्यातला एक मुलगा (तपशील बदललेत). पहिल्या सेशनला त्याने नुसतं पहिलं नाव सांगितलं. मी आपली पुणेरी सवयीने, ‘आडनाव काय? आणि मूळचे कुठले तुम्ही?’ अगदी गप्पांच्या सुरात. त्याने सांगितलं, पण त्यानंतर जो मिटला तो मिटलाच. पुढच्या वेळी एकदा आला, मग नाही. मी नोट्समध्ये ‘मोटिव्हेशन कमी’ लिहून मोकळी. बऱ्याच महिन्यांनी सुपरव्हिजनमध्ये (म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपल्या केसवर बोलायचं) ही केस काढली तेव्हा माझ्या सुपरव्हायझरनी एकच विचारलं, ‘तू आडनाव विचारलंस तेव्हा त्याने काय ऐकलं असेल?’ आपल्याकडे आडनाव आणि गाव विचारणं म्हणजे बऱ्याचदा जात विचारणंच असतं, हे मला पुस्तकी माहीत होतं, तोंडाला माहीत नव्हतं.

तर जातीबद्दल शिकायचं कसं, तर पहिलं काम फुकट आहे. इनटेक फॉर्म, म्हणजे नवीन क्लायंटकडून पहिल्यांदा भरून घ्यायचा कागद, घ्या आणि बघा आडनाव खरंच पहिल्याच ओळीत लागतं का. मी आता विचारते, ‘तुम्हाला काय नावाने हाक मारू?’ पावतीला पूर्ण नाव लागलंच तर ते नंतर मेसेजवर घेते. दुसरं काम जरा अवघड. दोन पानं लिहा, आपल्याला आपली जात पहिल्यांदा कधी कळली. माझ्यासारख्या घरातून आलेल्या बऱ्याच जणी लिहितात की आमच्या घरात जात मानतच नव्हते. हेच वाक्य सुपरव्हिजनला घेऊन जा, आणि गप्प बसून ऐकायची तयारी ठेवा कारण तिथून पुढे तास-दोन तास काही सोपं नसतं. तिसरं, इतिहास. पारधी कुटुंबातला माणूस पोलिसाचं नाव काढलं की घाबराघुबरा होत असेल तर त्याला संशयी स्वभाव म्हणायच्या आधी हे माहीत पाहिजे की १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं आणि तो कायदा १९५२ ला रद्द झाला तरी गावात चोरी झाली की पोलीस अजूनही आधी पालावर जातात. हे कळल्याशिवाय फॉर्म्युलेशन (क्लायंटला काय होतंय आणि का, याची आपली मांडणी) लिहायला बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भाषा. आपण शिकतो इंग्रजीतून, सेशन घेतो मराठीतून आणि मधे भाषांतर चालू राहतं. ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ हा प्रश्न किती जणांना कोरडा वाटतो बघा, उत्तर येतं, ‘काय वाटायचंय.’ पण ‘जीव कुठे लागतो का?’ विचारलं की माणूस बोलायला लागतो. डोकं जड होतं, जीव घाबरतो, कसंनुसं होतं, हातापायाला मुंग्या येतात, छातीवर दगड ठेवल्यासारखं, नुसतं टेन्शन टेन्शन. या शब्दांची स्वतःची वही करा आणि शेजारी कोणत्या भागातला माणूस म्हणाला ते लिहा. वर्षाच्या शेवटी ही वही कुठल्याही वर्कशॉपच्या हँडआउटपेक्षा कामाची होते.

पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन तपासायची प्रश्नावली, मराठीत मिळतो, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज २७ पर्यंत. तो एकदा गावाकडच्या काकू-मामांना फोनवर वाचून दाखवा, त्यांची उत्तरं घ्यायला नाही, प्रश्न कळला का ते बघायला, आणि त्यांना तसं आधीच सांगा (नवव्या प्रश्नाचं तर आधीच सांगा, तो मरणाच्या विचारांचा आहे, नाहीतर रात्री घरून फोन येतो काय झालं म्हणून). कुठे अडखळतात तिथे खूण करा.

दुसरं साधन म्हणजे कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू, २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) बरोबर आलेला, सोळा प्रश्नांचा, नेटवर फुकट मिळतो. तो आपल्या बोलीत स्वतः उतरवा आणि मैत्रिणीबरोबर क्लायंट-थेरपिस्ट करून बघा. त्यात विचारायचं असतं की हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं, घरचे काय म्हणतात, आधी कुठे कुठे दाखवलं. मराठीत हे नीट विचारलं की मग बाहेरचं, करणी, अंगात येणं, दर्गा, देवऋषी सगळं टेबलावर येतं, नाहीतर सहा सेशन झाली तरी पत्ता लागत नाही. इथे आपल्यातले बरेच जण लगेच लेक्चर सुरू करतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा एकदा स्वतः वाचून काढा. मारहाण, फसवणूक, उपचार अडवणं असल्या अघोरी गोष्टींवर तो आहे, कोणी देवीला नवस बोललं किंवा दर्ग्यात जाऊन बसलं तर तो गुन्हा नाही, आणि आपल्या सेशनला तर तो प्रश्नच नाही.

क्वीअर (समलैंगिक वगैरे) आणि ट्रान्स क्लायंटबद्दल शिकायचं तर निदान कायद्याचा पाया पक्का करून घ्या. ट्रान्स लोकांच्या हक्कांचा २०१४ चा नालसा निकाल, समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत म्हणणारा ६ सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ चा निकाल, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, ज्याच्या कलम १८ मध्ये लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व यावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क लिहिलाय. कन्व्हर्जन थेरपी (समलैंगिक किंवा ट्रान्स माणसाला ‘बदलायचे’ उपचार) करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ ला सांगितलं. तुम्ही डॉक्टर नसाल तरी ‘मुलाला नीट करून द्या’ म्हणणाऱ्या आईबाबांना काय उत्तर द्यायचं याची आरशासमोर प्रॅक्टिस करा, कारण ते येणार आहेत. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर अफर्मेटिव्ह (म्हणजे क्वीअर असणं हा आजार न मानणाऱ्या) काउन्सेलिंगचा कोर्स यासाठी चांगला, शिकवणारेही क्वीअर आहेत हे महत्त्वाचं.

पण एक गोष्ट इंग्रजी कोर्समध्ये कोणी सांगत नाही. तिथे he, she, they या सर्वनामांवर अर्धा दिवस जातो. मराठीत भानगड सर्वनामाची कमी आणि क्रियापदाची जास्त आहे. मी आलो की मी आले, तू आलास की आलीस, दर वाक्याला जेंडर सांगावं लागतं, माणूस स्वतःबद्दल बोलतानाही. त्यामुळे पहिल्या सेशनला कोण गेलो म्हणतंय कोण गेले म्हणतंय ते कान देऊन ऐका आणि मधेच बदललं तर टोकू नका. ‘तुम्ही आलात’ मध्ये मात्र जेंडर नाही. मी महिनाभर सगळ्याच क्लायंटशी फक्त ‘तुम्ही’ ठेवून बघितलं, एकोणीस वर्षांच्या पोरांशीसुद्धा, पहिले चार दिवस जीभ अडखळली मग बसलं. कोणाला फार परकं वाटलं तर ते स्वतःच म्हणतात, ‘मॅडम, अरेतुरे करा ना’, मग तेव्हा विचारून घ्यायचं की अरे की अगं.

कर्णबधिर क्लायंटचं थोडक्यात सांगते कारण माझा अनुभव थोडा आहे. आईला दुभाषी करू नका. इंडियन साइन लँग्वेजचा प्रशिक्षित दुभाषी घ्या, सेशनच्या आधी दहा मिनिटं त्यांच्याशी गोपनीयतेबद्दल बोला, आणि बोलताना बघायचं क्लायंटकडे, दुभाष्याकडे नाही.

आता मुख्य गोष्ट, सुपरव्हिजन. ब्रिटनमध्ये बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेच्या अ‍ॅक्रेडिटेड सदस्यांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन लागतंच. आपल्याकडे आरसीआयवाल्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या) क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना नोंदणी रिन्यू करायला सीआरईचे, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे, पॉइंट लागतात, ते कुठल्या कार्यक्रमाला मिळतात हे पैसे भरायच्या आधी आरसीआयच्या साइटवर बघून घ्या, आयोजकाच्या पोस्टरवर विश्वास ठेवू नका. समुपदेशकांसाठी २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आलाय पण त्याची गाडी हळूहळू चाललीय. म्हणजे सुपरव्हिजन घ्या म्हणून तुमच्या मागे कोणी लागणार नाही, स्वतःच लागायचं.

पैसे मोजकेच असतील तर माझं गणित सरळ आहे, दोन कोर्स कमी करा आणि तेवढ्यात सुपरव्हायझर घ्या, शक्यतो आपल्यासारखा नसलेला. वेगळी जात, वेगळा धर्म, वेगळा भाग, काहीतरी वेगळं हवं. तेही परवडत नसेल तर चौघांचा गट करा, महिन्याला दोन तास, एकाची केस. आमच्या गटाचे नियम दोनच आहेत. केस मांडणाऱ्याने आधी सांगायचं की या क्लायंटसमोर मी कोण आहे, म्हणजे माझी जात, माझा धर्म, माझी फी, माझी भाषा. आणि पहिली वीस मिनिटं कोणी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न. दुसरा नियम आम्ही दर वेळी मोडतो, तो भाग वेगळा.

केस आठवणीतून सांगण्यापेक्षा दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग लिहून नेलं तर खूप फरक पडतो. लेखी परवानगी घ्या, नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा, मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे ते पाठ असू द्या, आणि काम झालं की फाइल उडवा. लिहिताना क्लायंटची वाक्यं सोडा आणि आपलीच वाक्यं अधोरेखित करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दहा मिनिटांत चार वेळा ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की’ म्हणाले होते आणि त्यातल्या तीनदा त्याला तसं अजिबात म्हणायचं नव्हतं.

कोर्स घ्यायचाच तर आयोजकांना फोन करून विचारा: ज्या समाजाबद्दल शिकवताय त्यातलं कोणी शिकवतंय का आणि त्यांना मानधन आहे का, की नुसतं शेवटच्या तासाला ‘अनुभवकथन’? सराव आहे का, की सगळं स्लाइड? मराठीत रोल-प्ले करता येईल का? कोर्सनंतर दोन-तीन महिने केसवर बोलायची सोय आहे का? मुलांसोबत काम असेल तर मुंबईच्या उम्मीद संस्थेकडचं नॅरेटिव्ह थेरपीचं (माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो त्यावर काम करायची पद्धत) प्रशिक्षण बघा. वस्तीत मानसिक आरोग्याचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं तर पुण्यात बापू ट्रस्टचं काम बघा, तिथे ‘क्लायंट क्लिनिकमध्ये येतो’ ही समजूतच मोडते. डब्ल्यूएचओचं प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस हे पाच सेशनचं मॅन्युअल फुकट आहे, कमी फीच्या आणि थोडाच वेळ असलेल्या क्लायंटसाठी त्यातलं बरंच वापरता येतं.

न्यू जर्सीतल्या मराठी क्लायंटला व्हिडिओवर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, अमेरिकेत लायसन्स राज्याराज्याचं असतं, मराठी बोलता येणं हे लायसन्स नव्हे.

माझी या वर्षीची यादी परवाच काढली. एमपीएससीवाली मुलं आता टिकतायत, गळतीत यंदा पन्नाशीच्या पुढच्या मुसलमान बायका आहेत, तिघी, तिघींनाही मुलींनी आणलं होतं आणि तिघींच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलंय ‘मुलगीच बोलली’. म्हणून यंदा कोर्स एकही नाही, त्याऐवजी दखनी-उर्दू बोलणाऱ्या एक सुपरव्हायझर शोधल्यात, महिन्यातून एक शनिवार. आणि इनटेक फॉर्म परत बदलायचाय, ‘वैवाहिक स्थिती’च्या खाली अजून तीनच चौकोन आहेत.