पुलिया मोजा, मग पुराचं बोला

मी पाटबंधारे खात्यात होतो, बरीच वर्षं पेंचच्या कालव्यांवर. ओळखीचं कोणी नागपुरात किंवा उमरेड, कामठीकडे प्लॉट घ्यायला निघालं की मला विचारतं, इथे पाणी शिरेल का? माझं उत्तर ठरलेलं आहे: मे महिन्यात, नाला कोरडा असताना, टेप घेऊन खाली उतरा.

त्याआधी नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशातल्या निळ्या रेषा आजच्या उपग्रह चित्राशी ताडून पाहा. जिथे रेषा आहे आणि नाला नाही, तिथे तो लेआउटखाली गेलाय. पाणी मात्र जुनीच वाट धरतं. नाल्याचा उगमही पाहा. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरी तलावात थांबते आणि तिथून शहरात शिरते. म्हणजे तिकडचा पाऊस शेवटी सीताबर्डीच्या दारात येतो.

आता मोजणी. प्रत्येक पुलियाची, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाची, रुंदी आणि उंची घ्या, गाळ वजा करा. आडवी गेलेली पाण्याची किंवा गटाराची पाइपलाइन दिसली तर लिहून ठेवा, कारण झाडाच्या फांद्या आणि प्लास्टिकच्या पन्न्या तिथेच अडकतात. खालची पुलिया वरच्यापेक्षा लहान निघाली तर नकाशावर तिच्याभोवती लाल गोल करा.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. नाल्याला मिळणारं क्षेत्र 200 हेक्टर आणि तासाला 60 मिमी पाऊस धरला, तर तासाला 1,20,000 घनमीटर. दाट वस्तीत, गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) आणि सिमेंट असताना, त्यातलं 70 टक्के वाहून येतं असं धरा: सेकंदाला साधारण 23 घनमीटर. आता 1.2 मीटर व्यासाचे दोन पाइप घ्या. दोन्ही मिळून तोंड जेमतेम सव्वादोन चौरस मीटर. पाणी सेकंदाला तीन मीटर वेगानं धावलं तरी सेकंदाला सात घनमीटरच्या आत. बाकीचं सोळा कुठे जाईल? रस्त्यावर, मग घरात. इंजिनीअर याहून बारीक काढतील, पण कुठे धोका आहे ते एवढ्यात कळतं.

तलाव असेल तर महिना बघा. जुलैत तलाव पाणी पोटात घेतो, सप्टेंबरात तो काठोकाठ असतो आणि जमीनही पिऊन झालेली असते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटपासून मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी भरलं. म्हणून सांडव्यापासून, म्हणजे भरलेल्या तलावाचं जास्तीचं पाणी बाहेर पडतं तिथून, पुढे चालत जा आणि वाटेत काय बांधलंय ते टिपा.

कालव्याकडे लोक पुराच्या नजरेनं बघतच नाहीत. कालवा उतारावर आडवा जातो, त्याचा भराव बांधासारखा उभा असतो. नाल्याचं पाणी कालव्याखालच्या मोरीतून जातं. ती तुंबली की वरच्या अंगाला तळं होतं, आणि भराव फुटला तर खालच्या वस्तीत कालव्याचंही पाणी येतं. उंदीर-घुशींची बिळं, भरावातून झिरपणारी ओल आणि जास्तीचं पाणी सोडायच्या एस्केपचं दार उघडतं का, एवढं तरी बघा.

रस्ता आणि घराचा उंबरा यातला फरकही मोजा. आपल्याकडे सिमेंट रोड झाल्यावर कितीतरी घरं रस्त्याच्या खाली गेली आहेत.

शेवटी जुन्या रहिवाशांना विचारा, पण "पूर आला होता का?" असं नको, बाप्पा, सगळे "लई मोठा" म्हणतात. "पाणी कितव्या पायरीला लागलं?" असं विचारा आणि पातळी टेपनं मोजून घ्या.

नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा मागा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. छोट्या नाल्यांना बहुधा अशी रेषा आखलेली नसते. तिथे तुमचा लाल गोलांचा नकाशाच पावसाळ्याआधी पालिकेच्या झोन कार्यालयात द्या आणि पोच घ्या.