‘डस्क’ म्हणजे साडेसहा नव्हे

नोव्हेंबर लागला की इंग्लंडमध्ये नव्याने आलेलं एखादं तरी कुटुंब मला विचारतं, “ताई, रविवारी मुलांना घेऊन पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत चालायला जाऊ म्हणतोय. बरोबर काय काय घेऊ?” मी उलट विचारते, “निघणार किती वाजता?” उत्तर ठरलेलं: “जेवून बिवून निघू की, बारापर्यंत.” तिथेच मी त्यांना थांबवते.

मँचेस्टरजवळ राहून मला सतरा वर्षं झाली. इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्हीही असेच निघालो होतो. गाडीतळाच्या पाटीवर लिहिलं होतं की फाटक ‘डस्क’ला बंद होईल. शाळेत शिकलेलं इंग्रजी: डस्क म्हणजे संध्याकाळ. आणि संध्याकाळ म्हणजे दिवेलागण, सहा-साडेसहा. पाऊण वाजता चालायला लागलो. दहा किलोमीटरची वाट, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. तीन वाजता दरीतलं ऊन गेलं. सव्वाचारला झाडीत पायाखालचं दिसेना. ओल्या दगडांवर पानांचा थर, मी दोनदा आपटले. वाट फोनवर बघत होतो, तो थंडीने मान टाकून बसला. पाच-वीसला गाडीतळावर पोहोचलो तेव्हा फाटकाला कुलूप, गाडी आत, आणि भिजलेल्या जीन्समध्ये लेक थडथडतेय. चाचपडत जवळच्या पबपर्यंत गेलो. तिथल्या बाईने काही न विचारता टॉवेल आणि फोन पुढे केला. घरापर्यंतच्या टॅक्सीला सत्तरच्या वर पौंड पडले, आणि सोमवारी नवऱ्याने रजा काढून गाडी आणली.

तेव्हा हे पाठ करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. नोव्हेंबरच्या अखेरीस या भागात सूर्य चारच्या सुमारास मावळतो. पुण्यात अगदी लवकरचा सूर्यास्तही सहाच्या आसपास असतो; आपलं शरीर त्याच हिशेबाने वाढलेलं. शिवाय भर दुपारीही इथला सूर्य क्षितिजापासून फार वर येत नाही, त्यामुळे डोंगराआडच्या दरीत त्याआधीच तिन्हीसांजा होतात.

म्हणून दिवस शेवटाकडून मोजा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली सांगितलेला हिशेब अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आठ किलोमीटर आणि 200 मीटर चढ म्हणजे दोन तासांना थोडे कमी. हे झालं धडधाकट माणसाचं. लहान मुलं बरोबर असतील तर सरळ दुप्पट धरा, कारण प्रत्येक डबक्यात उडी मारायची असते. त्यात अर्धा तास जेवणाचा. तीनला गाडीशी परत यायचं तर साडेदहाला पाऊल पडलं पाहिजे. गाडीतून उतरणं, बूट घालणं, मोजा हरवणं यात धरलेलं नाही.

आपल्या मंडळींबरोबर जात असाल तर आणखी एक सांगते, राग मानू नका. सहा कुटुंबं मिळून निघाली की नऊचे अकरा होतात. तीन प्रकारच्या चटण्या येतात, टॉर्च एकाकडेही नसतो. डोक्याला लावायचा टॉर्च प्रत्येक मोठ्या माणसाकडे हवाच. फोनचा उजेड त्यात धरू नका. पुऱ्या आणि शिराही घरीच खा. त्या थंडीत तूप पांढरं पडतं आणि पुरी चामड्यासारखी होते. पोळीची सुरळी, डिंकाचे लाडू आणि थर्मासमध्ये गरम वरण याला तोड नाही. पबात जेवू म्हणत असाल, तर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं.

“आम्ही भर पावसात राजमाची केलाय” हे इथे कामाचं नाही. सह्याद्रीचा पाऊस अंग भिजवतो, इथला हाडं गोठवतो. जीन्स नको. सुती कपडा एकदा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतो. मुलांना पाणी न शिरणारी विजार घ्या, आणि मोज्यांचा जास्तीचा जोड पिशवीच्या अगदी वर ठेवा.

शेतातून जायला नवे लोक बिचकतात. बिचकू नका, ही इथली वहिवाटच आहे. जमीन खासगी, पण सार्वजनिक पायवाटेवरून चालायचा हक्क कायद्याने तुमचा. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेच्या नारिंगी मुखपृष्ठाच्या 1:25,000 नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात; जागेवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडे-सायकलीही. कागदी नकाशा घ्याच, त्याची बॅटरी संपत नाही. हक्क मात्र त्या वाटेपुरता. मोकळ्या माळावर, डोंगरावर कुठेही फिरायची मुभा 2000 सालच्या कायद्याने बऱ्याच ठिकाणी आहे, पण तीही नकाशावर दाखवलेल्या भागातच. पीकमध्येच 1932 साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर लोक जमीनमालकांचा विरोध मोडून चढले होते. आपण त्याचं फळ खातो. फाटक जसं होतं तसंच ठेवा, एवढंही आपल्यातल्या काहींना जमत नाही आणि मला लाज वाटते.

या दिवसांत मेंढ्यांच्या पाठीमागे निळे-लाल ठिपके दिसतील आणि मुलं विचारतील. एडक्याच्या छातीला रंगाची कांडी बांधलेली असते. कोणती मेंढी लागली हे शेतकऱ्याला त्यावरून कळतं. मुलांना किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

अडकलात तर 999, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचावपथक. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. संकोच करत बसू नका. फोन लागला नाही तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

गाडी नसेल तर आणखी बरं, कुलपाची भीती नाही. मँचेस्टरहून मधल्या स्टेशनांवर थांबत शेफील्डकडे जाणाऱ्या आगगाडीने ईडेलला उतरा, स्टेशनातून बाहेर पडताच वाटा सुरू होतात. परतीची गाडी सकाळीच बघून ठेवा.

घरी आल्यावर ओले बूट रेडिएटरवर ठेवू नका, कातडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि रात्री झोपायच्या आधी एकदा बदला.