उबुंटू-डेबियनवरची उरलीसुरली पॅकेजं काढण्याआधी

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर डिस्क भरल्याचा इशारा आला की लगेच पुसापुशी सुरू करू नका. आधी 'डीएफ -एच' चालवून रूट (सिस्टिमचा मुख्य भाग) भरलंय की बूट (कर्नलच्या फाइलींचा वेगळा छोटा भाग), ते बघा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएस किंवा पूर्ण चार्ज बॅटरी हवीच. काम मध्येच तुटलं तर पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, अर्धवट अवस्थेत अडकतात आणि नवीन काही बसत नाही. तसं झालंच तर पहिल्यांदा 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. सिस्टिमच्या सेटिंग असलेल्या ईटीसी फोल्डरची एक टार फाइल (सगळं एकत्र बांधलेली प्रत) पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा.

'सुडो एपीटी क्लीन' निर्धास्त चालवा. त्याने फक्त डाउनलोड झालेल्या डेब फाइली (पॅकेज बसवायच्या फाइली) जातात, बसवलेलं काही हलत नाही. मात्र शाळेच्या लॅबमध्ये तीच आवृत्ती असलेली आणखी मशीनं असतील आणि नेट मंद असेल, तर त्या फाइली आधी कॉपी करून घ्या.

खरी काळजी 'ऑटोरिमूव्ह'ला घ्यायची, म्हणजे दुसऱ्यांसोबत आलेली आणि आता कुणाला लागत नाहीत अशी पॅकेजं काढणाऱ्या आज्ञेला. 'एपीटी-गेट ऑटोरिमूव्ह --ड्राय-रन' दिलं की काहीही न काढता नुसती यादी दिसते. ती ओळन् ओळ वाचा. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानात एकाच मशीनवर मराठी लग्नपत्रिका आणि कन्नड अर्ज होतात. लोहित कन्नड फॉन्ट किंवा आयबस-एम१७एन (भारतीय भाषा टाइप करायची सोय) दुसऱ्या पॅकेजसोबत आलं असेल आणि ते पॅकेज काढलं गेलं, तर ही कामाची वस्तूही उरलेल्यांत धरली जाते. असं नाव दिसलं की 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' आणि पुढे ते नाव द्या, मग यादी पुन्हा काढा.

जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) याच ऑटोरिमूव्हच्या वाटेने जातात. 'यूनेम -आर'ने चालू कर्नल बघा, तो आणि आणखी एक राहू द्या. बूटमधल्या फाइली हाताने पुसू नका. पॅकेजची नोंद तशीच राहते आणि पुढच्या अपडेटला अडचण येते.

'डीपीकेजी -एल'ने दिसणाऱ्या पॅकेजांच्या यादीत ज्या ओळीपुढे 'आरसी' दिसतं, ते पॅकेज काढलेलं असतं, पण सेटिंगच्या फाइली उरलेल्या असतात. त्यांना 'सुडो एपीटी पर्ज' (सेटिंगसकट काढणारी आज्ञा) लावा, पण एकेक नाव घेऊन. मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस या डेटाबेसचं नाव असेल तर थांबा: पर्ज करताना डेटाही पुसायचा का, असं विचारलं जातं, आणि तिथे 'हो' म्हटलं की दुकानाचा हिशेबच जातो. डेटाबेसचा डंप (म्हणजे सगळ्या डेटाची प्रत) हाती आल्याशिवाय त्या ओळीला हात लावू नका.