विहिरीच्या पाण्यातील आणि मातीतील पीएफएएस : नमुना कसा घ्यावा

नागपुरात बोअरचे पाणी, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने तपासण्याची सवय आता रुळली आहे. परंतु न चिकटणारी भांडी, पाणी न शिरणारे कापड आणि इंधनाच्या आगीवर मारला जाणारा फेस यांतून पसरणारी पीएफएएस ही रसायने त्या मीटरला कळत नाहीत, आणि पाणी उकळल्यानेही ती जात नाहीत. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या त्यांतल्या दोन रसायनांसाठी पिण्याच्या पाण्यात प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा ठरवली, म्हणजे एक ग्रॅम रसायन २५ कोटी लिटर पाण्यात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात त्यांची मर्यादा नाही, त्यामुळे नेहमीच्या अहवालात ती शोधलेलीच नसतात.

म्हणून आधी प्रयोगशाळा ठरवावी. तिच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या यादीत पीएफएएस स्पष्ट लिहिलेले आहे का, तपासणी एलसी-एमएस/एमएस या अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर होते का आणि किती नॅनोग्रॅमपर्यंतचे प्रमाण मोजता येते, हे लेखी विचारावे. बाटल्या तिच्याकडूनच घ्याव्यात. त्या पॉलिप्रोपिलीन किंवा एचडीपीई या प्लास्टिकच्या असतात आणि पाण्याच्या बाटलीत आधीच परिरक्षक (नमुना टिकवणारे रसायन) घातलेले असू शकते, म्हणून ती विसळू नये.

भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळची विहीर, बुटीबोरी किंवा हिंगणा औद्योगिक वसाहतीच्या उताराकडील बोअर, नाग नदीकाठचे शेत, अशा जागा आधी घ्याव्यात. सोबत अशा कोणत्याही स्रोतापासून दूरच्या, चढावरच्या विहिरीचाही एक नमुना घ्यावा, कारण तुलनेशिवाय आकडा मुका राहतो.

खरी काळजी नमुना घेताना लागते. नळाच्या आट्यांवर प्लंबर गुंडाळतो ती पांढरी टेप टेफ्लॉनची, म्हणजे पीएफएएसच्याच कुळातली असते. तिचा एक धागा जरी तोटीच्या तोंडाशी लोंबत असला तरी तो नळ सोडून हातपंपाकडे जावे. रेनकोट, सनस्क्रीन, हाताला लावायचे क्रीम आणि जलरोधक मार्कर त्या दिवशी दूर ठेवावेत, नावनिशी साध्या बॉलपेनने लिहावी आणि नायट्राइलचे नवे हातमोजे घालावेत. आरओच्या आधीचे पाणी घ्यावे. पाणी पाच मिनिटे वाहू द्यावे, मगच झाकण उघडावे आणि ते जमिनीवर न ठेवता, आतल्या बाजूला बोट न लावता हातातच धरावे. प्रयोगशाळेने दिलेले शुद्ध पाणी तिथेच दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतून ‘कोरा नमुना’ही पाठवावा. खर्च वाचवण्यासाठी लोक हाच वगळतात, आणि मग आढळलेले रसायन विहिरीतले की आपल्या हातातले, हे सांगता येत नाही.

मातीसाठी स्टीलचे खुरपे आणि स्टीलचे घमेले पुरते. वरचा पालापाचोळा सारून एकाच शेतातील पाच ठिकाणची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती मिसळावी. आपली काळी माती ओली असली की पात्याला लोण्यासारखी चिकटून बसते, म्हणून पुढच्या शेताला हात लावण्यापूर्वी खुरपे आणि घमेले दोन्ही घासून, प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याने धुवावीत.

नमुने बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी रवाना करावेत. मात्र निळ्या जेलच्या पाकिटांऐवजी साधा बर्फ पिशवीत बांधून वापरावा. अहवालात ‘आढळले नाही’ असे असेल तर शेजारी मोजमापाची मर्यादा पाहावी : ती १०० नॅनोग्रॅम असेल, तर ४ नॅनोग्रॅमच्या प्रश्नाला तो अहवाल उत्तर देत नाही. पहिली तपासणी मे महिन्यात केली असेल, तर दुसरी पावसाळ्यानंतर त्याच विहिरीवर करावी.