जुन्या टपाल तिकिटांची शेड ओळखताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या कापूस पेढ्यांच्या ट्रंकांतून अजून पत्रं निघतात. पत्रं निघाली की मला फोटो येतो: "काका, ही दुर्मिळ शेड आहे ना?" फोटोवरून मी शेड सांगत नाही. मोबाईल आपल्या मनाने रंग बदलतो. तेच तिकीट पांढऱ्या चादरीवर एक दिसतं, पिवळ्या बल्बखाली भलतंच.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते तपकिरी पडलेल्या नारिंगी तिकिटापायी. राणी व्हिक्टोरियाचं दोन आण्याचं, हत्तीच्या डोक्याचा वॉटरमार्क (कागदातच असलेली पुसट खूण) असलेलं, १८६५ च्या मालिकेतलं. कॅटलॉगात त्याच्या पिवळी, नारिंगी आणि तपकिरी-नारिंगी अशा शेड आहेत. धुळ्याच्या एका पोराने तिन्ही ओळीने अल्बममध्ये लावून मला मोठ्या ऐटीत दाखवल्या. तिसरं मी खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरलं. रंग एकसारखा नव्हता. शाई जिथे जाड तिथे काळपट, पातळ तिथे अजून नारिंगी. शिशाच्या रंगाला हवेतला किंवा रबरातला गंधक लागला की असंच होतं, आणि याचा गठ्ठा कित्येक वर्षं रबरबँडमध्ये! वापरलेलं, गोंद नसलेलं तिकीट होतं, म्हणून केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड बारीक ब्रशने फक्त दर्शनी बाजूला लावलं. थोड्याच वेळात तिसरी शेड गेली, दुसरं नारिंगी उरलं. तेवढ्यावर थांबेल तर ना! घरी जाऊन हा सगळ्याच तिकिटांना ब्रश लावणार होता. भो, ज्या शाईत शिसंच नाही तिथे उपयोग शून्य, कागदाची मात्र वाट.

दुसरी खोड, आधी रंग बघायचा. पंचम जॉर्जच्या तिकिटांची छपाई १९२६ पासून लंडनहून आपल्या शेजारच्या नाशिकला आली. लंडनच्या वॉटरमार्कात एकच तारा, नाशिकच्यात अनेक. तिकीट काळ्या ताटलीत पालथं ठेवून दोन थेंब पेट्रोलियम बेंझिन टाकून तारे बघा, पंखा आणि देवघरातला दिवा लांब ठेवून. आधी छपाई ठरवा, शेडचा वाद मग घाला.

ट्यूबलाइटखाली शेड ठरवू नका. उन्हातही नको, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन रंग दाखवत नाही, उडवतं. उत्तरेची खिडकी, सकाळची वेळ.

रंगीत पाकिटावरचं तिकीट पाण्यात टाकू नका, पाकिटाचा रंग त्यात उतरतो.

रंग ओळखणारी ॲप विचारूच नका.

छापील रंगतक्ता माझ्याकडेही आहे, पण मी विसंबतो शिक्क्यावर तारीख स्पष्ट वाचता येणाऱ्या तिकिटांवर. फाटकी चालतात, दात तुटलेली चालतात, कोणी फुकटातही देतं. राखाडी कार्डाला दोन भोकं पाडायची, एकाखाली तारखेचं तिकीट, दुसऱ्याखाली वादातलं. आजूबाजूचा कागद आणि शिक्क्याची शाई झाकली की अर्ध्या 'नव्या शेड' तिथेच गळतात.