वेब प्रॉक्सी वारंवार कोसळत असेल, तर या चुका टाळा

स्क्विडसारखा वेब प्रॉक्सी (वापरकर्त्यांच्या विनंत्या त्यांच्या वतीने वेबसाइटपर्यंत नेणारा मधला प्रोग्रॅम) अधूनमधून अचानक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला, की बहुतेक ठिकाणी पहिला संशय रॅमवर घेतला जातो. रॅम वाढवली जाते, कॅशेचा, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी साठवलेल्या मजकुराचा, आकार कमी केला जातो आणि प्रॉक्सी पुन्हा कोसळतो. मेमरी अपुरी पडणे आणि मेमरीची हाताळणी असुरक्षित असणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, स्वतःच प्रोसेस बंद करतो आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद राहते. दुसऱ्या प्रकारात प्रोग्रॅम आपल्याला न दिलेल्या मेमरीत वाचायला किंवा लिहायला जातो, आणि मग स्क्विडच्या कॅशे लॉगमध्ये बहुधा ‘सेगमेंट व्हायोलेशन’ हे शब्द सापडतात. हे दोन्ही लॉग पाहिल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.

असा दोष किती साध्या चुकीतून जन्मतो, हे स्क्विडमधल्या सीव्हीई-२०२३-४६८४७ या दोषावरून नीट कळते (सीव्हीई हा सुरक्षा दोषांना दिला जाणारा जाहीर क्रमांक). डायजेस्ट पद्धतीने, म्हणजे पासवर्ड उघडपणे न पाठवता, ओळख पटवताना ब्राउझर विनंतीच्या प्रॉक्सी-ऑथरायझेशन हेडरमध्ये (सोबतच्या माहितीच्या ओळीत) ‘एनसी’ नावाचा एक आकडा पाठवतो. प्रमाणानुसार तो नेमका ८ हेक्साडेसिमल (१६ च्या पायावरील) अंकांचा असतो, म्हणून स्क्विडने त्यासाठी ९ बाइटची जागा राखली होती: आठ अंक आणि शेवटी शून्य बाइट. मात्र आलेला आकडा खरोखरच आठ अंकी आहे का, हे तपासले जात नव्हते. कुणी मुद्दाम लांबलचक मूल्य पाठवले, तर २ एमबीपर्यंतचा मजकूर हीप मेमरीतल्या (प्रोग्रॅम चालताना गरजेनुसार मिळणाऱ्या मेमरीतल्या) शेजारच्या जागेवर लिहिला जाऊ शकत होता. डायजेस्ट चालू असलेल्या ३.२.०.१ ते ६.३ या आवृत्त्या त्यामुळे धोक्यात होत्या, ६.४ मध्ये दुरुस्ती आली.

‘आमच्या प्रॉक्सीला पासवर्ड आहे, म्हणजे बाहेरचा माणूस काही करू शकत नाही’ हा समज इथे पूर्णपणे फसतो. हेडर वाचून त्याचे भाग वेगळे केल्याशिवाय पासवर्ड तपासताच येत नाही, आणि चूक नेमकी त्या वाचण्यात होती. प्रॉक्सी फक्त अंतर्गत नेटवर्कसाठी खुला आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणेही तितकेच घातक आहे. सीव्हीई-२०२३-४६७२४ मध्ये हल्ला आतल्या वापरकर्त्याकडून नव्हे, तर त्याने उघडलेल्या दूरच्या सर्व्हरकडून येत होता: टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित) जोडणीच्या वेळी विशिष्ट प्रकारे घडवलेले प्रमाणपत्र पाठवून तो सर्व्हर प्रॉक्सी बंद पाडू शकत होता. बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी फायरवॉल अशा वेळी काहीच उपयोगाची नसते.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आपोआप होणाऱ्या रीस्टार्टवर समाधान मानणे. देखरेखीच्या पडद्यावर सेवा चालू दिसते, पण प्रत्येक वेळी चालू डाउनलोड तुटतात, एचटीटीपीएसचे बोगदे (प्रॉक्सीतून जाणाऱ्या सुरक्षित जोडण्या) बंद होतात आणि मेमरीतला कॅशे रिकामा होतो. हल्लेखोराला तेच हवे असते, आणि त्यासाठी त्याला तीच विनंती पुन्हा पाठवणे पुरते. शिवाय प्रत्यक्ष विनंत्या हाताळणारी कामगार प्रोसेस थोड्या वेळात वारंवार कोसळली, तर स्क्विड तिला सुरू करण्याचा प्रयत्न थांबवतो. अलीकडच्या आवृत्त्यांत सेटिंग बदलले नसेल तर हा विराम एक तासाचा असतो. म्हणून सेवा चालू आहे की नाही एवढेच न पाहता, ती किती वेळा नव्याने सुरू झाली यावरही इशारा लावावा.

कारण शोधताना अनेकजण फक्त अॅक्सेस लॉग (विनंत्यांची नोंदवही) चाळतात. त्यात नोंद होते ती व्यवहार पूर्ण झाल्यावर, त्यामुळे ज्या विनंतीने प्रॉक्सी पाडला ती तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. कॅशे लॉग आणि कोअर डंप (प्रोग्रॅम कोसळताना जतन होणारी फाइल) पाहावेत. कोअर डंपमध्ये त्या क्षणीची मेमरी जशीच्या तशी असते, म्हणजे वापरकर्त्यांचे पासवर्ड आणि कुकीजही असू शकतात; तो मदतीसाठी कुठेही उघडपणे टाकू नये.

आवृत्ती तपासतानाही गफलत होते. डेबियनसारखी लिनक्सची वितरणे सुरक्षा दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत उतरवतात, त्यामुळे मूळ क्रमांक ६.४ पेक्षा कमी दिसला म्हणून दोष आहेच असे नाही. वितरणाच्या सुरक्षा सूचनेतला पॅकेज क्रमांक पूर्ण, शेवटच्या अंकापर्यंत जुळवून पाहावा. याच्या उलट, नवे पॅकेज बसवून फक्त ‘रिकॉन्फिगर’ केल्यास सेटिंग नव्याने वाचली जातात, पण मेमरीत जुनाच प्रोग्रॅम चालू राहतो. सेवा पूर्ण थांबवून सुरू करावी आणि मूळ प्रोसेस सुरू झाल्याची वेळ पॅकेज बसवल्यानंतरची आहे ना, हे पाहावे. प्रॉक्सी कंटेनरमध्ये चालत असेल, तर तो ज्या तयार साच्यातून सुरू होतो ती इमेजच नव्याने घडवावी लागते.

दुरुस्ती लगेच शक्य नसेल, तर ‘ऑथ-पॅरम डायजेस्ट’ने सुरू होणाऱ्या सर्व ओळी काढणे हा तात्पुरता उपाय आहे. ‘इन्क्लूड’ने जोडलेल्या फाइलींतही त्या शोधाव्यात, आणि सेवा सुरू करण्यापूर्वी सेटिंग फाइल तपासणारी ‘पार्स’ आज्ञा चालवावी. या घाईत डायजेस्टच्या जागी बेसिक पद्धत चालू करून मोकळे होऊ नये: बेसिकमध्ये पासवर्ड फक्त बेस-६४ मध्ये बदलून जातो, आणि जोडणी टीएलएसने सुरक्षित नसेल तर वाटेतला कुणीही तो वाचू शकतो. त्या अवधीत प्रॉक्सीचा वापर ठरावीक आयपी पत्त्यांपुरता ठेवणे अधिक सुरक्षित.