कॉर्डिसेप्स घरी वाढवताय? या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

पुण्यात धायरीतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी कॉर्डिसेप्स मिलिटारिस, म्हणजे औषधी म्हणून विकलं जाणारं केशरी मशरूम, बरण्यांत तांदळावर वाढवतो, आणि आधीच सांगतो, बरणीत पांढरं जाळं पसरलं म्हणजे त्यात कॉर्डिसेपिनही (ज्यासाठी हे मशरूम घेतात ते द्रव्य) भरपूर आलं असं अजिबात नसतं.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे एकच मदर कल्चर (बुरशीचं मूळ वाण) या प्लेटवरून त्या प्लेटवर घेत राहणं. धिंगरी मशरूम बरंच सहन करतं, हे पोरगं लवकर थकतं. माझ्याकडे सहाव्या वेळी मायसेलियम, म्हणजे ते पांढरं जाळं, कापसासारखं शुभ्र आलं, मी खूश, पण एलइडी लावून दोन आठवडे झाले तरी केशरी रंग चढेना आणि चाळीस बरण्यांत एक दांडी वर आली नाही. तेव्हापासून नवं कल्चर आलं की आधी त्याचे दहा स्लँट (टेस्टट्यूबमध्ये तिरक्या जेलीवर वाढवलेले नमुने) करून फ्रिजमध्ये टाकतो आणि लागेल तसा एकेक काढतो.

मग कुकर, म्हणजे तांदळाच्या बरण्या निर्जंतुक करणं. चार शिट्ट्या वरणभाताला ठीक आहेत हो, पण बॅसिलस जिवाणूचे स्पोर (चिवट बीजाणू) तेवढ्यात मरत नाहीत, 15 पाउंड प्रेशर आणि 121 डिग्री तासभर टिकलं पाहिजे, आणि प्रत्येक शिट्टीला प्रेशर पडतं म्हणून गॅस बारीक ठेवायचा. उघड्या पातेल्यात तर विचारूच नका, पुण्यात पाणी 98 लाच उकळतं. तिसऱ्या दिवशी तळाला चिकट पाणी आणि आंबूस वास आला की समजायचं शिजवणंच कमी पडलं. हिरवा डाग दिसला तर तो बहुतेक ट्रायकोडर्मा, म्हणजे हिरवी बुरशी, झाकण घरात उघडू नका, अख्खी बरणी परत कुकरमध्ये.

वाढीचं तापमान 18 ते 22 डिग्री. एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय जमत नाही आणि गुरुवारी लाइट जाते, तेव्हा बॅचची तारीख बघून लावा.

शेवटची चूक कमी, लबाडी जास्त. काही जण तांदळासकट सगळं दळून मशरूम पावडर म्हणून विकतात आणि वर रिपोर्ट दाखवतात की पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) भरपूर. असणारच, स्टार्च पण पॉलिसॅकराइडच ना! चमचाभर पावडर पाण्यात उकळा, गार करा, मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काळंनिळं झालं तर तांदूळ आहे, मशरूमच्या स्वतःच्या पॉलिसॅकराइडला, बीटा-ग्लुकानला, तो रंग येत नाही. उरलेल्या तांदळातही कॉर्डिसेपिन उतरतं हे खरं, त्यामुळे मी तो फेकत नाही, पण वेगळा वाळवतो आणि डब्यावर तांदूळच लिहितो.